खाडीतले अकरा दिवे

आमच्या भाटसईच्या खाडीत, ऐन पाण्यात, अकरा दिव्यांचे खांब उभे आहेत. दिवस मावळला की ते आपोआप लागतात. उजेडाचा फायदा फक्त माशांना! पाण्यात खांब पुरणारा शहाणा कोण, हे कोडं मला पहिलीपासून पडलं होतं. विचारलं की माझे आजोबा, मोरेश्वरआबा, विषय बदलायचे. आबा निवृत्त सरकारी अभियंता, एरवी कुठल्याही प्रश्नाला तासभर उत्तर देणारे.

यंदा, २०५८ साली, शाळेच्या पटांगणात भरतीचं पाणी शिरलं. ओहोटी लागल्यावर कुर्ली आली. कुर्ली म्हणजे ग्रामपंचायतीचा खेकड्यासारखा सहा पायांचा यंत्रमानव. खाडीची पातळी तीच मोजते.

“पाच वर्षं,” ती म्हणाली. “मग पाणी वर्गात येईल.”

मी शेजारी उभ्या असलेल्या आबांचा हात घट्ट धरला. “मग तिवरं लावा ना! तिवरांची झाडं लाटा अडवतात, बाईंनी शिकवलंय.”

“दाट व्हायला दहा वर्षं लागतात, सुरंगी,” कुर्ली म्हणाली. “चौतीस वर्षांपूर्वी लावली असती तर शाळा वाचली असती. त्यासाठी निधीही आला होता.”

“मग का नाही लावली?”

“माहीत नाही. नोंदीत फक्त ‘काम पूर्ण’ असं आहे.”

आबा पायरीवर बसले. “मी सांगतो. ऐक गो. अर्थसंकल्प (सरकारच्या वर्षभराच्या जमाखर्चाचा आराखडा) असतो. लोकांच्या करातून पैसा जमतो, तो शाळा, दवाखाने, रस्ते यांना वाटतात. हवामानबदलासाठीही त्यात वाटा असतो. त्यातली काही कामं शमनाची (हवा तापवणारे वायू कमी करण्याची). कोळशाच्या विजेऐवजी उन्हावर दिवे लावले, की ते शमन. काही कामं अनुकूलनाची (जे संकट आता टळणार नाही, त्याच्या तयारीची). तिवरं लावणं हे अनुकूलन. चूल धुमसतेय आणि छप्परही गळतंय, तर दोन्हीकडे बघावं लागतं.”

“मग तुम्ही काय बघितलं?”

“मी कॅलेंडर बघितलं,” आबा म्हणाले. “पैसे तिवरांचेच होते, पण हातात पडले फेब्रुवारीअखेर. एकतीस मार्चपर्यंत खर्च झाले नाहीत तर परत जाणार. तिवराच्या बिया तयार होतात पावसात. मार्चमध्ये लावू काय, माझं डोकं? निधी परत गेला की साहेब चिडणार, पुढच्या वर्षी कमी मिळणार. म्हणून मी कागदावर काम बदलून घेतलं. बंदराच्या वाटेवर सौरदिवे लावले. सत्तावीस मार्चला काम पूर्ण! पेढेसुद्धा वाटले.”

“आणि वाट?”

“वाट बुडाली. दिवे चांगल्या प्रतीचे, ते राहिले. बॅटऱ्या मीच होडीतून जाऊन बदलतो. चूक विसरायला होऊ नये म्हणून.”

मला आबांचा खूप राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ते मात्र रोज माझ्या ताटाशेजारी सोललेला फणस ठेवत होते.

रविवारी ग्रामसभा भरली. सरपंच अनसूयाताई म्हणाल्या, “पुन्हा निधी मिळतोय. पण मार्चच्या आत संपवायचा आहे. पेव्हर ब्लॉक बसवून टाकू या का?”

आबा काठी टेकत उठले. “नको. आधी माझी चूक लिहून घ्या.” त्यांनी सगळं सांगितलं, पेढ्यांसकट. सभेत कोणी हसलं नाही. “झाडाला मार्च कळत नाही. दहा वर्षं चालणारा निधी मागा. नाही मिळाला तर पुन्हा मागा.”

ठराव झाला. त्या निधीसाठी तीनदा अर्ज करावा लागला, पण मंजुरी आली. कुर्लीने जुन्या ‘काम पूर्ण’खाली नवी ओळ लिहिली: काम बाकी आहे.

शाळा काही वाचली नाही. ती वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर जाणार आहे, आणि तिथून खाडी दिसत नाही. निदान खालच्या आळीतली घरं आणि विहीर तरी वाचतील, असं कुर्ली म्हणते.

श्रावणात आम्ही पहिल्या दिव्याजवळच्या चिखलात तिवराच्या बिया रोवल्या. मी बोटांवर मोजलं. रांग दाट होईल तेव्हा मी वीस वर्षांची असेन. आबांना म्हटलं, “आता तुमचं मोजा.”

आबांनी मोजलं नाही. त्यांनी पुढची बी माझ्या हातात दिली.