पंखांची शेळी

कनेरगाव नाक्यावर एसटी थांबली आणि खिडकीतून राजनंदिनीला तिची शेळी दिसली. शाईनं काढलेली, पाठीवर दोन मोठे पंख असलेली... ऑक्टोबरभर रोज दिलेल्या शब्दावर एक कल्पनेतलं चित्र काढून मोबाइलवर टाकायचं, असा उपक्रम चालू होता. त्यातलं हे चित्र. आता ते एका ढाब्याच्या फ्लेक्सवर होतं, आणि खाली ठळक अक्षरं – 'स्पेशल मटण थाळी'.

ती तशीच खाली उतरली. वाशिमच्या कॉलेजला नेणारी एसटी निघून गेली, तरी तिनं वळून पाहिलं नाही.

गल्ल्यावर ढाबेवाल्याचा मुलगा बसला होता, शिवहार. चित्र मोबाइलवर दिसलं, आवडलं, घेतलं, असं त्यानं सरळ सांगून टाकलं. सही कापली, कारण तिथं फोन नंबर टाकायचा होता.

"एकेक पीस मी टाकानं काढलंय," ती म्हणाली, "आणि तुम्ही तिचं मटण केलंत."

त्याला हसू आलं... पण तिचे भरलेले डोळे पाहून ते ओठांवरच विरलं. आतून वडील ओरडत राहिले, तरी त्यानं शिडी लावून फ्लेक्स उतरवला. वाऱ्यावर आलेलं सोयाबीनचं भुसकट त्याच्या केसांत अडकलं होतं.

तरी तिचा राग जाईना. दुसऱ्या दिवशी उपक्रमाचा शब्द होता 'राक्षस'. तिनं गल्ल्यावर बसलेला राक्षस काढला – तेच कुरळे केस, नाक मात्र भलंमोठं. फक्त डोळे काही केल्या दुष्ट होईनात.

मग रोज नाका आला की ती मुद्दाम दुसरीकडे बघायची. एके दिवशी शिवहारच एसटीत चढला आणि शेजारी बसला.

"नाक एवढं मोठं काहून काढलं?"

"आहेच तेवढं."

येणारं-जाणारं गिऱ्हाईक हेच चित्र दाखवून हसतंय, असं त्यानं सांगितलं. आता हा राक्षसच ढाब्यावर लावायचा होता त्याला, खाली तिचं पूर्ण नाव टाकून. "या बारीला विचारून राहिलो," तो म्हणाला.

तिचा पारा पुन्हा चढला. "इतके दिवस गप्प बसलात, आणि आज एवढंच विचारायला आलात?"

"न्हाई... दुसरं बी हाय." तो खाली बघत राहिला. "तुमी आवडता मला... पन तुमी न्हाई म्हनलात, तर हे मनातलं फ्लेक्सासारखं उतरवता येनार न्हाई."

तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात कंडक्टरनं कुठं जायचं म्हणून विचारलं. शिवहारला ते ठाऊकच नव्हतं.

"वाशिम," राजनंदिनी रागातच म्हणाली. "आणि यांना मधे कुठं उतरू देऊ नका."