बदल काही केला नाही

वेदिका बोरस्ते आली तेव्हा वेणीमाधव दीक्षित पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते आणि त्यांच्या वहिनी, इंदिराबाई, त्यांनी भरलेली उत्तरं खोडत होत्या.

पंचवटीतल्या त्या दोन खोल्यांत हा रोजचाच शिरस्ता होता. इंदिराबाई पूर्वी विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासत. नोकरी सोडून त्यांनी खासगी तपासाची पाटी लावली. बँकेतून निवृत्त झालेले दीर मदतीला म्हणून आले आणि तिथलेच झाले. मदत नेमकी किती होते, हा प्रश्न घरात कोणी काढत नसे.

"मी सासऱ्यांच्या जिवावर उठले, असं घरी बोलतात," वेदिका म्हणाली. तिशीची असेल. डोळे कोरडे होते, पण हातातल्या ओढणीचं टोक पिळून पिळून दोरीसारखं झालं होतं.

"पहिल्यापासून सांग," इंदिराबाई म्हणाल्या.

दिंडोरीजवळ बोरस्त्यांची द्राक्षबाग. सासरे सहादू, म्हणजे नाना, यांनी नवी गाडी घेतली होती. फार महागातली नव्हे, पण तिच्यात अ‍ॅडास होतं. पुढच्या वाहनापासून गाडी आपणहून अंतर राखी, वेळ पडली तर ब्रेकही मारी. सून रोज सिन्नरला नोकरीला जाते, तिला आधार होईल, म्हणून नानांनीच हट्ट धरला होता. रविवारी गाडी घेऊन सगळे सप्तशृंगी गडावर गेले. गाडी वेदिका चालवत होती. नाना तिच्या शेजारी, मागे सासू सिंधुबाई आणि धाकटा दीर रुद्र.

"जाताना गाडी नीट चालली. चार वेळा तरी आपोआप हळू झाली. येताना वणी सोडल्यावर पुढे ट्रॅक्टर होता. मला वाटलं, आता होईल हळू, आता होईल. झालीच नाही. मी ब्रेक मारला तोवर उशीर झाला होता. ट्रॉली नानांच्या बाजूनं आत आली. मांडीचं हाड मोडलंय, उद्या ऑपरेशन आहे."

"लक्ष कुठे होतं तुझं?"

"गाडीवर भरवसा होता," वेदिका हळूच म्हणाली. "खोटं नाही बोलणार. तेवढी चूक माझीच."

"मग तक्रार काय?"

"रुद्रभाऊजींनी पोलिसांना सांगितलं की मी बटण दाबून ती सोय बंद केली. बटण दाबलं हे खरंय. गडावरून निघाल्यावर पडद्यावर काहीतरी इंग्रजीत आलं. मी बटण दाबलं, ते गेलं आणि गाडीनं ठरलेला वेग धरला. बंद कशाला करीन मी? आता आई म्हणतात, माहेरी जा. नवरा पुण्याला असतो, तो फोनवर 'बघू' म्हणतो. एकदा अशी बाहेर पडले तर त्या घरात परत कोण घेईल मला?"

"गडावर गाडीत काही बदल केला? काही बसवलं, काढलं?"

"नाही. पूजा केली फक्त. नव्या गाडीची करतातच. मग रुद्रभाऊजींनी सगळ्यांचा गाडीसमोर फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला. आम्ही दर्शनाला वर गेलो, ते गुडघा दुखतो म्हणून गाडीपाशीच थांबले होते."

"दाखव फोटो."

वेदिकानं मोबाइल काढला. फोटोच्या जागी संदेश काढून टाकल्याची खूण होती.

वेणीमाधवरावांनी भुवया उंचावल्या. त्यांच्या दृष्टीनं प्रकरण तिथेच संपलं होतं. गाडीपाशी एकटा थांबलेला दीर, गुडघ्याची लंगडी सबब आणि गायब फोटो. आणखी काय हवं?

शोरूमच्या वर्कशॉपमध्ये गाडी बॉनेट चेपलेल्या अवस्थेत उभी होती. सावळीराम नावाचा माणूस त्यांना घेऊन फिरला. आपल्या कंपनीवर बालंट येऊ नये म्हणून तो प्रत्येक वाक्य जपून बोलत होता.

"ट्रॉली वरच्या वर आत घुसली मॅडम. पुढच्या जाळीतला सेन्सर शाबूत आहे. आम्ही लावून पाहिला, चालतो. आमच्या गाडीत दोष नाही."

"वायर कापलेली?" वेणीमाधवरावांनी आशेनं विचारलं.

"एकही नाही."

"मग येताना तो का नाही चालला?"

"गाडीतली नोंद एवढंच सांगते की गडावरून निघाल्यापासून सोय उपलब्ध नव्हती. चालवणाऱ्यानंच काही केलं असेल."

"गाडी ताब्यात देताना हे सगळं कुणाला समजावलंत?" इंदिराबाईंनी विचारलं.

"धाकट्या मुलाला. सूनबाई पेढे वाटत होत्या. त्याला तासभर समजावलं. बटणं सांगितली, जाळीपुढे जादा दिवे नकोत, फॅन्सी नंबरप्लेट नको, सगळं सांगितलं. पोरगा हुशार आहे, शंका विचारत होता."

इंदिराबाई खाली बसल्या आणि जाळीत बोट घालून त्यांनी लाल दोऱ्याचा एक तुकडा ओढून काढला. तुकडा पर्समध्ये गेला. वर्कशॉपमध्ये असला कचरा पडायचाच, असं वेणीमाधवरावांना वाटलं आणि त्यांनी तो विचार तिथेच सोडला.

ट्रॅक्टरवाला गेणू वणी रस्त्यालाच त्याच्या शेताच्या बांधावर भेटला. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण तो धास्तावलेला होता.

"माझी काय बी चूक नाय बाई. मी कडंनं चाललो व्हतो. हॉर्न वाजला म्हून मागं वळून पाह्यलं, तं गाडी पार जवळ आल्याली."

"चालवणारी दिसली?"

"कुठलं दिसतंय. गाडीच्या पुढच्या अंगाला काय तरी लखलखत व्हतं उन्हात. डोळंच दिपलं माझं."

"दिवे?"

"दिव्यावानी नाय. हलत व्हतं ते."

परतताना वेणीमाधवराव म्हणाले, "वहिनी, रुद्रनं आरसा लावला असणार. गडावर एकटा होता, तेव्हाच."

"आरसा हलतो का, भाऊजी?"



हॉस्पिटलात नाना गुंगीत पडले होते. वेदिका आधीच येऊन दाराशी उभी होती. उशाशी सिंधुबाई, पायाशी रुद्र. पंचविशीचा, दाढी वाढलेली, नजर मिळवायला तयार नाही. वेणीमाधवरावांना तो पाहताक्षणी आवडला नाही आणि त्याचा त्यांना मनातून आनंद झाला.

"गडावर गाडीत काही बदल केला होता?" इंदिराबाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"काय बदल करनार बाई," सिंधुबाई म्हणाल्या. "आमाला त्यातलं काय कळतंय? हिनं बटन दाबलं आन् माझं मानूस आडवं झालं. पोरानं डोळ्यानं पाह्यलंय."

"बदल काही केला नाही," रुद्र म्हणाला. जरा घाईनंच.

"फोटो का काढून टाकला ग्रुपवरून?"

"नाना असे पडलेत आणि ग्रुपवर हसरे फोटो बरे दिसतात का?"

उत्तर बिनतोड होतं. वेणीमाधवराव हिरमुसले. नानांच्या उशीखालून हिरव्या, जरीच्या कापडाचं टोक बाहेर आलं होतं. सिंधुबाईंनी ते नीट आत सारलं.

"देवीचा प्रसाद हाय. खण. ह्यांच्या उशाला ठेवलाय."

वेणीमाधवराव देवभोळे. त्यांनी वाकून खणाला हात लावला, कपाळाला टेकवला. बोटं काळी, तेलकट झाली. प्रसादाला असला डाग कसा, असं पुटपुटत त्यांनी रुमालाला बोटं पुसली.

इंदिराबाईंनी रुमाल हातात घेतला, वास घेतला, आणि म्हणाल्या, "वेदिका, रुद्र, जरा बाहेर या."

कॉरिडॉरच्या टोकाला एक बाक होतं. त्या बसल्या नाहीत.

"सगळे खरं बोलले, तरी सत्य कोणीच सांगितलं नाही, अशी ही गंमत आहे. गाडी जाताना चालली, येताना नाही. म्हणजे जे झालं ते गडावर झालं. वायर शाबूत, सेन्सर शाबूत. मग तो आंधळा झाला तो कुणीतरी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली म्हणून. पडद्यावर तेच आलं होतं, की मला दिसत नाही. वेदिकानं बटण दाबलं, तेव्हा गाडीनं नुसता ठरलेला वेग धरला. तसा वेग धरला की गाडी पुढचं बघत नाही. आपण सोय परत चालू केली असं हिला वाटलं."

"पट्टी कसली?" वेणीमाधवरावांनी विचारलं.

"जाळीत पूजेचा लाल दोरा अडकला होता. गेणूला उन्हात काहीतरी हलताना, लखलखताना दिसलं. आणि देवीच्या प्रसादाच्या खणाला गाडीचं वंगण लागलंय, तुमच्या रुमालावर आहे. जरीचा खण होता तो, भाऊजी. जाळीवर बांधलेला, बरोबर सेन्सरपुढे. जरीत धातूची तार असते, तिच्यापलीकडचं त्याला काय दिसणार? मी तीन माणसांना विचारलं, काही बदल केला का. नव्या गाडीला खण बांधणं याला आपल्याकडे बदल कोण म्हणतं? वेदिकानं तो पाहिला असेल, आणि विसरलीही असेल."

वेदिकानं तोंडावर हात ठेवला. "पूजेच्या वेळी आईंनी बांधला. माझ्या समोर."

"अपघातानंतर देवीचा खण रस्त्यावर लोळू नये म्हणून त्यांनीच सोडला आणि नवऱ्याच्या उशाला ठेवला. त्यांना यातलं काही कळलेलं नाही. कळलं ते एकट्याला." इंदिराबाई रुद्रकडे वळल्या. "जाळीपुढे काही नको, हे सावळीरामनं तुला सांगितलं होतं. फोटोत खण दिसत होता, म्हणून फोटो गेला. दर्शनाच्या वेळी तू खरंच गुडघ्यामुळे खाली थांबला होतास ना?"

"हो," रुद्र म्हणाला. "खण बांधला तेव्हा माझ्याही ध्यानात आलं नाही. गाडी आपटली आणि आठवलं. आईला कळलं असतं की नाना तिच्या हातामुळे पडले, तर ती जगली नसती. वहिनी शिकलेल्या, त्या सोसतील, असं वाटलं."

"शिकलेल्या माणसाला घराबाहेर काढलं तर दुखत नाही का?" वेणीमाधवराव अचानक म्हणाले. इंदिराबाईंनी त्यांच्याकडे आदरानं पाहिलं, हे क्वचितच घडे.

"वेदिका, आत काय सांगायचं ते तू ठरव," इंदिराबाई म्हणाल्या.

"गप्प नाही बसणार मी," वेदिका म्हणाली. "पण उद्या नानांचं ऑपरेशन होऊ दे. तोवर आईंना नका सांगू."

"सांगायचं काय राह्यलंय आता?"

मागे सिंधुबाई उभ्या होत्या. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात तो खण. वेणीमाधवरावांनी बोटं पुसलेला रुमाल पाहून त्यांनीही उशीखालचा खण काढून बघितला होता आणि विचारायला म्हणून बाहेर येऊन सगळं ऐकलं होतं.

वेदिका पुढे झाली. सासू खण आपल्या ओटीत घालून माफी मागेल असं तिला वाटलं असावं, तिनं नकळत ओढणी पसरली. सिंधुबाईंनी मान हलवली.

"ह्यो नाय. डागाचा खण ओटीत घालत नसत्यात. डाग माझा हाय, माझ्यापाशी राहू दे." त्यांनी खणाची घडी घातली आणि आपल्या कमरेला खोचली. मग रुद्रकडे पाहिलं. "उद्या पोलिसांकडं जायचं आन् समदं सांगायचं. माझं नाव घेऊन."

रुद्रनं मान खाली घातली.

"तुला नवा खण आनीन," त्या वेदिकाला म्हणाल्या आणि डबा तिच्या हातात दिला. "माहेरी नाय जायचं आता. आधी हे जेवून घे, मग ह्यांच्याजवळ बस. मघाशी शुद्धीवर आले, तं तुझंच नाव घेत व्हते."

एवढे दिवस कोरड्या राहिलेल्या वेदिकाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ती डबा मांडीवर घेऊन बाकावर बसली आणि रडता रडताच तिनं भाकरीचा पहिला तुकडा मोडला.