चुलीखालची वार

उर्कुपाम्पाच्या आरोग्य केंद्रात मी अकरा वर्षं बाळंतपणं करते आहे. इथे एक गोष्ट माझ्या हट्टाने सुरू झाली, आणि ती मी छाती फुगवून सांगते: बाळंतिणीची वार, बाळामागून पडते ती, आम्ही घरच्यांना परत देतो.

पूर्वी ती केंद्रामागच्या खड्ड्यात जायची. म्हणून बायका आमच्याकडे फिरकतच नसत. घरीच बाळंत व्हायच्या, आणि दरसाल एखादी रक्त जाऊन मरायची. या डोंगरात वार धुऊन चुलीखाली पुरतात. चूल ऊबदार तर बाळंतिणीचं पोट ऊबदार, असा समज. माझा काडीचा विश्वास नाही. पण डबाभर वार परत दिल्याने बाई जगत असेल, तर माझ्या बापाचं काय जातं? गेल्या सहा वर्षांत एकही बाळंतीण दगावली नाही.

जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका सकाळी तासाभरात दोघी मोकळ्या झाल्या, विसेंतिना आणि योवाना. दोघींनाही मुलगे. दोन डबे, झाकणांवर चिकटपट्टी, पट्टीवर माझ्या हाताने नाव. मी एकटीच होते, आणि कंबर पार मोडून आली होती.

चौदाव्या दिवशी विसेंतिनाच्या घरी तपासणीला गेले. सातव्या दिवशी ठणठणीत असलेली बाई पाच घोंगड्यांखाली कुडकुडत होती. शेजारी चूल धडधडत होती. मला घाम फुटला होता. थर्मामीटर लावला. चौतीस पूर्णांक आठ सेल्सिअस, जवळजवळ दोन अंश कमी. दुसरा लावला, तेच. रक्तस्राव बेताचा, नाडी मंद, जंतुसंसर्गाची खूण नाही. दूध आटलेलं. बाळाचं वजन आठवड्यात तीनशे ग्रॅम उतरलं होतं, आणि त्याला रडायचंही त्राण नव्हतं.

"कधीपासून आहे हे?"

"पाच दिवस झाले," तिची सासू म्हणाली. फोर्तुनाता तिचं नाव, गाव तिला आजी म्हणतं. "मुलगा खाणीवर, मी गुडघ्यांनी अधू. तुझीच वाट बघत होते, नर्सबाई."

केंद्रात धावले आणि वायरलेसवरून शहराची गाडी मागवली. उद्या निघेल म्हणाले. उद्यापर्यंत काय होणार, हे मला चांगलं ठाऊक होतं.

परत आले तर आजीने मिठाच्या मडक्यावरचं झाकण काढून माझ्या हातात दिलं. "तुझ्याच डब्याचं. मला वाचता येत नाही. तू वाच."

पट्टीवर माझं अक्षर होतं. योवाना.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चूक झाली, आजी. डबे बदलले माझ्याकडून. पण त्याचा या थंडीशी संबंध नाही."

"नसू दे. योवानाची चूल पेटती आहे का?"

नव्हती. योवाना बाळाला घेऊन नवऱ्याबरोबर किनाऱ्यावर मजुरीला गेली होती. किल्ली माझ्याकडेच ठेवून गेली होती. जाऊन किती दिवस झाले ते मी बोटांवर मोजलं, आणि आजीला सांगितलं नाही. पाच.

"मग तिच्या चुलीखालून हिची वार मी उकरून आणते," मी म्हटलं.

"दुसरीची चूल उकरायची? घरधनीण नसताना? अक्कल गहाण ठेवलीस काय गं! उजेडात आली की ही गेलीच. विस्तव घाल तिथे. ऊठ."

गेले. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. योवानाचं घर वर तळ्याकाठी आहे, पाऊण तासाची चढण. कुलूप काढलं, कोनाड्यातल्या गोवऱ्या घेतल्या, बरोबर बाराला चूल पेटवली. धुराने डोळे भरून आले, की रडूच आलं, कोण जाणे.

खाली आले तेव्हा विसेंतिना उठून बसली होती आणि मेंढीचं कालवण ओरपत होती. छत्तीस पूर्णांक सहा. पोलकं पुढून ओलं झालं होतं.

"बाराला घोंगड्या भिरकावल्या तिने," आजी म्हणाली.

योगायोग, मी स्वतःला बजावलं. गाडी नको म्हणून कळवलं. नोंदवहीत लिहिलं: गरम पेय, शेक, प्रकृतीत सुधारणा.

आणि रोज दुपारी ती चढण चढू लागले. गोवऱ्या नीट रचल्या की विस्तव दिवसभर टिकतो. एकदा पोचायला संध्याकाळ झाली, त्या दिवशी विसेंतिनाचा पारा साडेपस्तीसला आला. त्यानंतर माझा कशावर विश्वास आहे, हे मी स्वतःला विचारायचं सोडून दिलं. बाळ भरत होतं, ते मला पुरे होतं.

चोविसाव्या दिवशी पहाटे पलीकडच्या वस्तीवर एक बाई अडली. मी गेले, आणि मागे बर्फ पडून खिंड बंद झाली. दोन दिवस अडकले. ती बाई सुखरूप सुटली. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. माझ्या चुकीने एक आई जाणार, तिच्यामागे पोर जाणार. खिंड मोकळी होताच धावत सुटले.

"आजी, कशी आहे ती?"

"चांगली आहे." आजी माझ्याकडे बघत नव्हती. "दुपारी झोपते, मढ्यासारखी. हलवून उठत नाही. मग आपणच उठते आणि जेवायला मागते."

छत्तीस पूर्णांक सात. दूध भरपूर. विसेंतिना हसली. तिचे हात मनगटापर्यंत राखेने काळे होते.

"रोज धुते मी," आजी हळूच म्हणाली. "सव्वा महिना आम्ही बाळंतिणीला विस्तवाला हात लावू देत नाही. ती या खोलीबाहेर गेलेली नाही. कालही नाही, परवाही नाही."

मी वर गेले. वाटेवरच्या बर्फात एकही पाऊल नव्हतं. मागे वळून पाहिलं तर फक्त माझीच होती. कुलूप जसंच्या तसं होतं.

दार उघडलं. चूल पेटलेली होती.

मला भीती वाटली. खरं सांगते, आत पाऊल टाकलं नाही. कुलूप घातलं आणि उतरले.

तपासणी अर्धी राहिली होती, म्हणून बाळाला तराजूत घातलं. तीन किलो चारशे. छान वाढ. वजन लिहिलं आणि त्याला पुसायला दुपटं सोडलं.

त्याच्याही हातांचे तळवे राखेने माखले होते. इवल्या बोटांच्या बेचक्यांतही राख होती.

तो सव्वीस दिवसांचा आहे.