सतीशेजारची मोकळी जागा

तुम्ही खोटं लिहिलंत.

विद्यापीठाच्या मोठ्या खुर्चीत तेव्हा जे बसले होते, त्यांना सांगतोय. आज जे बसलेत, त्यांनाही. "जगन्नाथराव न कळवता नोकरी सोडून पळाले," असं तुम्ही लिहिलंत.

पळणारा माणूस जोडे काढून ठेवून पळतो का?

जगन्नाथ माझ्या आजीचा धाकटा भाऊ. त्याच्या बायकोनं, ताराआजीनं, सांगितलं ते आणि पुंजाराम शिपायानं सांगितलं ते, दोन्ही जुळवून लिहितोय. पदरचं काही घातलेलं न्हाई. ज्याला खोटं वाटतं त्यानं खुशाल खोटं म्हणावं.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. इथं रात्र न्हाई. सन चव्वेचाळीस, चैत्राचं ऊन, भर दुपार. आष्टीच्या अल्याड एक गाव. नाव सांगत न्हाई, लोक अजून राहतात तिथं.

जगन्नाथ आधी अंबडला शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. सुट्टी लागली की जाड चष्मा सावरत लेण्यांत जाऊन बसायचा अन् मूर्त्यांची चित्रं काढायचा. त्या चित्रांवर तो विद्यापीठाच्या अजायबखान्यात लागला, म्हणजे कलासंग्रहालयात. पुढं तिथला नाझिम झाला. संचालक! पण हंगामी. वर्षं गेली, केस पिकले, तरी हंगामीच.

मंग वरून हुकूम आला. नवं दालन उघडतंय, मधोमध ठेवण्याजोगी एक वस्तू आणा. पसंत पडली तर कायम करू. न्हाई तर जा परत, पोरांना फळ्यावर आंबा काढून दाखवा.

म्हणून तो त्या गावात आल्ता.

गावाबाहेर सतीचा काळा दगड उभा होता. वर कोपरात वाकलेला हात, मनगटभर बांगड्या. खाली एक बाई. अशा दगडावर बाईशेजारी नवरा कोरलेला असतो.

इथं नव्हता.

जागा मात्र सोडलेली. अगदी गुळगुळीत... कुणासाठी तरी राखल्यासारखी.

दगडाला कुंकू लावणारी साळूबाई नावाची म्हातारी तिथंच बसली होती. जगन्नाथनं विचारलं, "मावशी, हिचा नवरा कुठंय?"

"आला न्हाई अजून."

त्याला हसू आलं. साळूबाईला न्हाई आलं.

"लढाईवर गेल्ता. येतो म्हणून गेल्ता. मंग मेल्याचा सांगावा आला. ही म्हणे, मेला न्हाई, येतो म्हणलाय. पण दिरांना जमीन पायजे होती ना! नवऱ्याच्या वहाणा दिल्या तिच्या मांडीवर अन् बसवली लाकडांवर. वरडत होती म्हणे... थांबा, येऊन राह्यलाय, येऊन राह्यलाय..."

"लोक तर म्हणतात, सती गेली."

"गेली न्हाई साहेब. घातली."

हुकूम वरचा होता. गावानं दगड उचलू दिला. कडूबा गाडीवानाच्या बैलगाडीत चार गड्यांनी तो आडवा घातला, वर कडबा टाकला. जगन्नाथ पुढं बसला अन् सवयीनं म्हणाला, "बराय मावशी, येतो."

गड्यांचे हात कडब्यावरच थांबले.

कडूबानं वळून पाह्यलं. "काय बोल्लात साहेब?"

"येतो म्हणलं. मंग काय, जातो म्हणू? बायको घरात घेणार न्हाई!"



"हितून बाप्या माणूस गप निघत असतो," कडूबा हळूच म्हणाला. "येतो म्हणत न्हाई कुणी."

साळूबाई जगन्नाथकडं बघतच नव्हती. ती गाडीतल्या कडब्याकडं बघत होती.

"ऐकलं तिनं," म्हातारी म्हणाली.

परतूर स्टेशनापर्यंत वाटभर वास येत होता... जळक्या चामड्याचा. कडूबानं दोनदा उतरून बैलाचं जू, दोर, चाबूक, सगळं पाह्यलं.

काही जळत नव्हतं.

जगन्नाथनं दगड दालनात उभा केला अन् पाटी लिहिली: 'जमिनीसाठी जाळलेली स्त्री.'

मोठ्या खुर्चीतल्या साहेबांनी वाचली. हसले. "नाझिमसाब, बडे लोग आ रहे हैं. स्वखुशीनं गेली, असं लिहा. मुस्तकिल होना है ना?"

मुस्तकिल म्हणजे कायम. किती वर्षं वाट पाह्यली होती त्यानं!

त्यानं पाटी पुसली. नवी लिहिली: 'पतीमागे स्वखुशीने सती गेलेली स्त्री.'

दालन उघडलं. हार पडले. जगन्नाथ कायम झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे जोडे दारात नव्हते.

"कुत्र्यानं नेले असतील," तारा म्हणाली.

चपला घालून तो अजायबखान्यात गेला. पुंजारामनं कुलूप काढलं. आत दगडापुढं जोडे होते. नीट जोडीनं ठेवलेले. टोकं दगडाकडं. बाहेरून घरी आलेल्या माणसानं काढून ठेवावेत, तसे.

जगन्नाथनं हात घातला.

आतून गरम होते.

नवे जोडे आणले. तेही गेले. मंग रात्री ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं अन् किल्ली तारानं कमरेला खोचली. सकाळी कुलूप जसंच्या तसं...

ट्रंक रिकामी.

तारा चिडून म्हणाली, "घरापेक्षा ती दगडाची सवतच जवळची झालीय तुम्हाला. तिथंच राहायला जा!"

हे वाक्य ती पुढं आयुष्यभर विसरली न्हाई.

दगडावरची मोकळी जागा आता गुळगुळीत राह्यली नव्हती. जगन्नाथनं बोट फिरवलं, तर बोटाला कड लागली. कातडीखाली गळू धरावं तशी. दोन दिवसांनी खाली पावलं दिसायला लागली. छिन्नीचा घाव न्हाई, भुगा न्हाई. दगड आतूनच वर येत होता.

त्या दिवशी जेवता जेवता तो ताटावरून उठला.

"ती पाटी खोटी आहे. आधी ती पुसतो. नोकरी गेली तर गेली."

तारा म्हणाली, "जेवून तरी जा."

"पाटी पुसून येतो," तो म्हणाला.

येतो. तिलाही तेच म्हणाला.

पुंजाराम दालनाच्या दाराशी बसला होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत पाटी खरवडल्याचा आवाज येत होता. खर्र... खर्र...

मंग थांबला.

मंग बाईचा आवाज आला. हळू. घरातल्या बाईनं दारात आलेल्या नवऱ्याला विचारावं, तसा.

"आलात?"

पुंजाराम आत धावला. दालनाला दुसरं दार न्हाई. खिडक्यांना गज.

आत कुणी नव्हतं.

दगडापुढं जोडे होते. पाटी खाली पडलेली, 'स्वखुशीने' एवढाच शब्द खरवडून काढलेला. अन् जळक्या चामड्याचा वास एवढा, की पुंजारामला नाकाला पटका धरावा लागला.

तुमची माणसं ताराआजीकडं आली. म्हणाली, तो मेला किंवा पळाला, एक काहीतरी लिहून द्या, म्हणजे त्याचे नोकरीचे पैसे मोकळे करू. पांढऱ्या कपाळानं या, असंही एकजण बोलला.

ताराआजीनं काय उत्तर दिलं, माहीत आहे?

"मेला न्हाई. येतो म्हणलाय."

मरेपर्यंत हेच म्हणत राह्यली. कुंकू पुसू दिलं न्हाई. दाराला आतून कडी घातली न्हाई.

मी स्वतः जाऊन तो दगड पाह्यलाय. तुम्ही तो मागच्या खोलीत नेऊन त्याच्यापुढं कपाट लावलंय. मी कपाट सरकवलं. बाईशेजारी एक माणूस उभा आहे. जुन्या काळच्या दगडावर... डोळ्यांना चष्मा लावलेला.

पाय अनवाणी.

निघताना तुमचा शिपाई म्हणाला, "निघालात?" शब्द माझ्या ओठांवर आल्ता. मी दातांत जीभ धरली अन् गप बाहेर पडलो. तरी अजून रोज पहाटे उठून आधी दारातले जोडे बघतो.

पण पाटी मी वाचलीय. 'स्वखुशीने' हा शब्द तुम्ही परत लिहिलाय. नव्या, काळ्या रंगानं. जो शब्द पुसायला माणूस गेला, तोच.

तो कुणी लिहिला? कुणाच्या हुकमानं?

अन् एवढंच सांगा, मोठ्या खुर्चीतले साहेब... तुमचे जोडे सकाळी जाग्यावर असतात का?