मोजणी शून्य होईपर्यंत

"घ्यायचं सगळं, परत मात्र काहीच द्यायचं नाही… काय बाई आहे ही."

नाशिकला गंगापूर रोडच्या कॅफेत शेजारच्या टेबलावरून हे ऐकू आलं आणि मी सहज वळले. त्या मुलाच्या स्क्रीनवर माझा कोड होता. लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे त्या संगणकप्रणालीच्या गाभ्यासाठी, मी आदल्या दिवशी पाठवलेला, वर माझ्या नावासकट.

"संपदा. ती बाई मीच," मी म्हटलं.

त्याच्या हातातला कप तिथेच थांबला. "सॉरी… म्हणजे, कोड छान शे— आहे."

त्याचं नाव हर्षल. मूळचा सटाण्याचा, घरची बोली अहिराणी. गोंधळला की त्याच्या 'आहे'चं 'शे' होतं. ते ऐकून माझा अर्धा राग तिथेच उतरला.

चूक माझीच होती. डिस्क जोडताना कर्नल मेमरीबिमरी बरंच काही घेतो. मध्येच बिनसलं, तर घेतलेलं सगळं परत करावं लागतं. माझ्या कोडमध्ये नेमकं तेच राहून गेलं होतं.

"तेही उलट क्रमानं," हर्षल म्हणाला. "शेवटी घेतलेलं आधी सोडायचं. पण कुणी एक जरी ते धरून असेल, तर सोडायचं नाही. धरणाऱ्यांची मोजणी शून्य झाली की मगच."

"सगळ्या मुलींना हेच सांगता?"

"आजवर कुणी ऐकून घेतलं नव्हतं…"

मग दर शनिवारी तेच टेबल. तो माझ्या चुका काढायचा, मी त्याची बिस्किटं संपवायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कळलंही नाही. मी फार खूश होते.

तीन महिन्यांनी तो एक यादी घेऊन आला. बंगळुरूला नोकरी लागली होती, सोमवारी निघायचं होतं. खोली, गॅस, वाचनालयाचं कार्ड… सगळं परत करायचं होतं.

मी विचारलं, "उलट क्रमानं?"

"हो."

"मग शेवटी काय घेतलंस?"

बाहेर पाऊस भुरभुरत होता. त्याचे कान लाल झाले. "शेवटी… तू आलीस."

"मग सोड आधी मला."

टेबलावरचा त्याचा हात मी धरला. "मोज बरं. किती जण धरून आहेत?"

त्याची बोटं हळूच माझ्या बोटांत अडकली. "दोन."

"मग? नियम तुझाच आहे."

"नाशिकहून काम केलं तर चालेल का, हे मी कंपनीला विचारलंच नाही," तो म्हणाला.

"का?"

"इथं कुणी धरून आहे, हे माहीत नव्हतं ना."

त्यानं तिथेच, एका हातानं मेल लिहिली. दुसरा हात मी सोडला नव्हता. दुसरी कॉफी संपता संपता उत्तर आलं: महिन्यातून एक आठवडा या, बाकी काम तिथूनच करा.

हर्षलनं यादीची घडी घालून खिशात ठेवली. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा गोंधळला.

"संपदा… मना तुनावर जीव शे."

या वेळी त्यानं 'शे' दुरुस्त केलं नाही.