एकदाच विचारायचं

त्याचा आवाज मी आधी ऐकला आणि चेहरा नंतर पाहिला. मधल्या वीस मिनिटांत मी त्याच्याशी दोनदा भांडूनही घेतलं होतं.

झालं असं की, उस्ताद मुनीर यांच्या वर्गात फोनवर इंग्रजी बोलायचा सराव पाठीला पाठ लावून करायचा असतो. खुर्च्या उलट्या मांडायच्या, म्हणजे हातवारे करून वेळ मारून नेता येत नाही. त्या दिवशी मी भिजून, उशिरा पोचले. आमच्या दुमयात शहराचा हिवाळी पाऊस नाईलवरून आडवा येतो, छत्रीला जुमानत नाही. वर्गात एकच खुर्ची रिकामी होती आणि तिच्यामागे कुणीतरी बसलेलं होतं.

“बसा,” उस्ताद म्हणाले. “तुम्ही गिऱ्हाईक. तुमचा माल उशिरा आलाय. लावा फोन.”

गिऱ्हाईक कसं ओरडतं हे मला शिकवायची गरज नव्हती. हाज अतियांच्या फर्निचरच्या कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं मीच लिहिते. फोन वाजला की मात्र बोबडी वळते, म्हणून तर हा वर्ग. येत होतं नव्हतं ते सगळं इंग्रजी मी त्या पाठीमागच्या माणसावर ओतलं.

“आपली गैरसोय झाली, दिलगीर आहोत मॅडम,” मागून आवाज आला. शांत, खोल... आणि जरासा हसरा. “आपला माल आमच्या बोर्टमध्ये सुखरूप आहे.”

“पोर्ट,” मी म्हणाले.

“तेच. बोर्ट.”

आमच्या अरबीत ‘प’ नाहीच. त्यासाठी उस्ताद ओठांसमोर कागदाची पट्टी धरायला लावतात. पट्टी हलली तर ‘प’, नाही हलली तर ‘ब’. मी माझी पट्टी खांद्यावरून मागं दिली.

“धरा. आणि फुंका.”

“मॅडम, गिऱ्हाईक फोनमधून कागद देत नाही.”

“आमचा माल बुडवलात, वर वाद घालता? फुंका!”

“पोर्ट,” त्यानं फुंकलं. “पोर्ट... पोर्ट—” आणि तो हसायला लागला. त्याच्या हसण्यानं माझ्या खुर्चीची पाठ हलत होती. वळून बघावंसं फार वाटलं, पण वळणं नियमात बसत नव्हतं.

तास संपल्यावर आम्ही एकदमच उठलो आणि समोरासमोर आलो. त्याच्या मिशीला कागदाचा कपटा चिकटला होता. मी बोट दाखवलं, तर त्यानं भलत्याच गालावरून हात फिरवला.

“उजवीकडे,” मी म्हणाले.

“तुमच्या उजवीकडे की माझ्या?”

खरं सांगते, मला उजवं-डावं काही सुधरेना. त्याचं नाव हाझेम. बंदरावर जहाजांच्या एजंटकडे काम करतो, एवढंच त्या दिवशी कळलं आणि तेवढं मला आठवडाभर पुरलं.

पुढच्या आठवड्यात उस्तादांनी चहाचा धडा घेतला. पुदिना घातलेला ग्लास हातात धरून त्यांनी इंग्रजीत विचारलं, “चहा घेणार?” आम्ही बाराही जण म्हणालो, “नको.” ते बसले आणि एकट्यानं चहा पिऊ लागले.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर कुणी हो म्हणत नाही. पहिल्यांदा ‘नको’, दुसऱ्यांदा ‘खरंच नको, आत्ताच झाला’, तिसऱ्यांदा यजमान अल्लाची शपथ घालतो, मग ग्लास हातात घ्यायचा. त्यात आम्ही दुमयातवाले. ‘जेवणार, की हलक्या पोटी झोपणार?’ असं आम्ही पाहुण्याला विचारतो, असं सांगून सगळा देश आम्हाला कंजूष ठरवतो. त्यामुळे आम्ही जरा जास्तच आग्रह करतो.

“ते परदेशी लोक एकदाच विचारतात,” उस्ताद मिश्या पुसत म्हणाले. “तुमचं नाही म्हणजे नाही. त्यात अपमान नाही, मान आहे.”

सगळे हसले. हाझेम तेवढा हसला नाही. जिना उतरताना त्यानं कारण सांगितलं.

“मागच्या वर्षी आमच्या परदेशी साहेबानं विचारलं, सहा महिने ट्रेनिंगला हॉलंडला जाणार का? मी म्हटलं, माझ्यापेक्षा फारिस लायक आहे. आता त्यानं म्हणायचं ना, छे छे, तूच जा! तो म्हणाला, ‘थँक यू.’ फारिस गेला.”

“मग?”

“मग काय! फारिस मला फुलांचे फोटो पाठवतो.”

मी हसू दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही. तोही हसला.

“तेव्हापासून कानाला खडा लावलाय,” तो म्हणाला. “माझं हो म्हणजे हो. आणि समोरच्याचं नाही तेही खरंच नाही. मागं लागायचं नाही कुणाच्या.”

तेव्हा मला ते फार आवडलं. मागं लागणारे मी पुष्कळ पाहिले होते.

मग आम्ही नदीकाठानं पुलापर्यंत सराव करत जाऊ लागलो. त्याची बस पुलावर यायची. मी जर-तरची वाक्यं घालायची, त्यानं पुरी करायची.

“जर बस चुकली...”

“तर मी चालत जाईन.”

“आणि जर बस वेळेवर आली?”

“तरी मी चालत जाईन.” त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. समोरून त्याची बस निघून गेली. “...ही तिसरी.”

व्याकरण चुकलं होतं, पण मी दुरुस्त केलं नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर आईनं दोनदा विचारलं, गाल का लाल झालेत? वाऱ्यानं, मी म्हणाले.

आणि मग तो सोमवार आला.

पाऊस भुरभुरत होता. पुलापाशी हाझेम थांबला. पिशवी या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात.

“आनिसा इनास...” कुमारी इनास; अजून तो मला अशीच आदरानं हाक मारायचा. “एक विचारायचंय. आई शुक्रवारी मनसूऱ्याला निघालीय. मावशीची मुलगी बघायला. माझ्यासाठी.” तो घाईघाईनं पुढं म्हणाला, “मला नाही जायचं. मी म्हटलं, त्याआधी एक घर आहे. शुक्रवारी आम्ही तुमच्याकडे यावं का?”

हो! हो, या, आत्ता चला! आतून असं ओरडावंसं वाटत होतं. पण तोंड आपल्या सवयीनं चालतं. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारी मुलगी म्हणजे खिडकीतच बसलेली, असं आमच्याकडे समजतात. शिवाय ती मावशीची मुलगी मला टोचलीही होती, खोटं कशाला बोलू.

“कशाला आईंना त्रास,” मी ओढणी सारखी करत म्हणाले. “मनसूऱ्याचं ठरलंच आहे, तर...”

आता तो म्हणेल, त्रास कसला? मग मी म्हणेन, आईला विचारते. मग तो तिसऱ्यांदा विचारेल आणि मी खाली बघेन.

हाझेमचा चेहरा उतरला. त्यानं मान हलवली आणि वर्गात शिकवलेलं वाक्य, एकही चूक न करता म्हटलं, “स्पष्ट कळवल्याबद्दल आभारी आहे.”

आणि तो बसमध्ये चढला.

मी तिथंच उभी. परत येईल, असं वाटत होतं. दुसरी बस आली, तिसरी आली. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यानं माझं ‘नको’ खरंच धरलं होतं.

बुधवारी तो वर्गात आला नाही. फोन लावला तर बंद. तो जहाजावर माल चढवून घेतोय, असं कुणीसं म्हणालं. गुरुवार उजाडला आणि माझ्या हातात एक दिवस उरला. उद्या त्याची आई मनसूऱ्यात फातिहा पढून लग्नाचा शब्द देऊन आली, की संपलं सगळं.

त्याच्या ऑफिसात फोन करायचा, एवढाच मार्ग होता. पण कुठून? बाहेर करवती किंचाळत होत्या आणि आत समोरच्याच टेबलाशी हाज अतिया बसले होते. हाज म्हणजे नुसते मालक नव्हेत, आईचे चुलतभाऊ. माझे वडील गेल्यापासून आमच्या घरचे वडीलधारे तेच. त्यांच्यासमोर अरबीत बोलायची सोयच नव्हती.

मी फोन उचलला आणि इंग्रजीत सुरू केलं. इंग्रजी ऐकल्याबरोबर पलीकडच्या बाईनं घाबरून लगेच हाझेमला जोडून दिलं.

“नमस्कार,” मी म्हणाले. “मी हाज अतिया फर्निचरमधून बोलते आहे. सोमवारी आपण आमच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला होता.”

पलीकडे कागद सळसळले. मग सावकाश, “हो, मॅडम. आमच्या माहितीप्रमाणे आपण तो नाकारलात.”

“नाकारला नव्हता. ती आमच्याकडची रीत आहे. पहिलं उत्तर आम्ही... उत्तर धरत नाही. आपल्याला हे माहीत असायला हवं होतं. आपण इथलेच आहात!”

माझा आवाज चढला. हाजनी चष्म्यावरून बघितलं. “ओरडतोय का गं तो?”

“नाही, हाज. मीच ओरडतेय.”

“ओरड, ओरड. त्याशिवाय सरळ येत नाहीत.”

“मॅडम,” हाझेमचा आवाज खाली आला, “मला वाटलं, आपल्याला खरंच नकोय. आणि मागं लागून मिळवलेलं... मला नको होतं.”

“मी तिथं पाऊण तास उभी होते. पावसात. आपण परत विचाराल म्हणून.”

“पाऊण तास?”

“...वीस मिनिटं. पण पाऊस जोराचा होता.”

तो हसला. अगदी हळू, पण हसला. मी मग धीर करून ते वाक्य म्हटलं, जे सकाळपासून आरशासमोर घोकत होते. “आपला प्रस्ताव अजून कायम आहे का?”

पलीकडे बंदरावरचे भोंगे ऐकू येत होते. मग तेही थांबले. मला वाटलं फोन तुटला, माणूस गेला, मनसूरा जिंकलं.

“इनास,” तो अचानक अरबीत म्हणाला, आदराबिदराचं सगळं गाठोडं बाजूला ठेवून. “तुला खरंच हवंय? एकदाच विचारतो.”

“येस,” मी म्हणाले. “येस. येस.”

मी फोन ठेवला.

“काय म्हणाला?” हाजनी विचारलं.

“येतोय, हाज. उद्या दुपारी, असरच्या नमाजानंतर.”

“शुक्रवारी? शुक्रवारी कारखाना बंद असतो!”

“तो... घरी येतोय. आईला घेऊन.”

हाजनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि माझ्या लाल कानांकडे नीट बघितलं. “असं होय,” ते म्हणाले. “मग मलाही यायला लागणार. आणि गिऱ्हाइकावर इतकं ओरडू नये, बाळ.”

शुक्रवारी ते आले. मिठाईचा भला मोठा डबा, नवा शर्ट घातलेला हाझेम आणि त्याची आई. तिचा चेहरा मात्र गप्प होता. मुलानं तिला सोमवारचं सगळं सांगितलं होतं. मुलीनं एकदा नाही म्हटलेल्या घरी ती बहिणीचा रोष पत्करून आली होती. मनसूऱ्याच्या बहिणीला तिनं अजून पक्कं काही कळवलं नव्हतं, हेही तिनं बोलता बोलता आमच्या कानावर घातलं. हाज लाकडाबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले. माझ्या आईनं तीन-तीनदा आग्रह करून सरबत पाजलं. हाझेमचा ग्लास तसाच हातात होता.

“इनासला विचारू या,” शेवटी त्याची आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “बाळ, तुझं काय म्हणणं?”

इथं मुलीनं खाली बघून गप्प बसायचं असतं. आईनं तेवढ्यासाठी माझ्या गुडघ्यावर हातही ठेवला. पण माझ्या गप्प बसण्याचा ही बाई काय अर्थ लावेल? आणि तो? मी एकदा रीत पाळून बघितली होती, मला ती पुरली होती.

“हो,” मी म्हणाले.

आईनं गुडघ्यावरून हात काढून माझ्या दंडाला चिमटा घेतला.

“अगं,” त्याची आई थक्क होऊन म्हणाली, “मी अजून दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही!”

“नका विचारू,” मी म्हणाले. “हो आहे. सोमवारीही होच होतं.”

मग तिच्या तोंडाचा कोपरा हलला आणि ती हसायला लागली, इतकी की डोळ्यांना ओढणी लावावी लागली. “बरं झालं बाई! मी चार दिवस याचं सुतकी तोंड बघतेय. माझी सुटका केलीस!”

हाझेमनं एवढा मोठा सुस्कारा सोडला की हाजसुद्धा दचकले. फातिहा म्हणायला सगळ्यांनी हात उघडले, पण त्याचा ग्लास अजून हातातच होता. त्याच्या आईनं तो काढून घेतला आणि ती म्हणाली, “आता तरी हात मोकळे कर, वेड्या.”