अर्ध्यावर राहिलेलं अक्षर

सरका जवळ. दार नुसतं लोटून घ्या, कडी नको. ही गोष्ट ऐकीव नाही बरं का. ज्याच्यावर बेतली तो सुतार माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा. सगळे त्याला रंधा म्हणायचे. लाकूड काय नि माणूस काय, समोर आलं की तो तासायचाच! आणि संशयी इतका, की कुणी हसून बोललं तर हा आधी खिसा चाचपायचा.

तर त्याला चर्चच्या शाळेतली बाकं दुरुस्त करायचं काम मिळालं. सोमवारी शाळा उघडणार होती. त्याच्या आदल्या शनिवारी रात्री तो शेवटचं बाक संपवायला निघाला. बायको दारात आडवी आली.

"अहो, जाताच आहात तर फादरना विचारून या ना आपल्या पोरीचं. सात वर्षांची झाली ती."

"फुकट शिकवतात, वर वह्या देतात. एवढा पुळका कशाला? काहीतरी काळंबेरं असणारच."

"असू दे. तुम्हाला बसची पाटी वाचता येत नाही, मला येत नाही. पोरीनंही जन्मभर लोकांना विचारतच फिरायचं का?"

तो चिडला आणि हत्यारांची पिशवी उचलून चालू लागला.

आता एक सांगतो. तो स्वतः लहानपणी त्याच शाळेत गेला होता. फक्त एक दिवस. पहिलीला एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. पोराच्या मागं उभं राहायचं, त्याचा हात आपल्या हातात धरायचा नि अक्षर गिरवून घ्यायचं, ही त्यांची पद्धत. कधीतरी दारात चेंगरून त्यांची उजवी करंगळी गेलेली. हट्ट मात्र पक्का. एकदा धरलेला हात अक्षर पुरं झाल्याशिवाय सोडायचा नाही. रंधाचं पहिलं अक्षर अर्ध्यावर आलं होतं आणि तेवढ्यात त्याचा बाप वर्गात शिरला. "यांच्या हाती गेलेलं पोर आपलं राहत नाही," असं ओरडत त्यानं याला दंडाला धरून ओढून नेलं. सिस्टर बघत राहिल्या. त्या वारल्या त्यालाही आता कैक वर्षं झाली होती.

फादरनी वर्ग उघडून दिला. जाता जाता म्हणाले, "सुतारदादा, पोरीला आणा हो सोमवारी."

"मला पोरगी आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"इथंच राहतो ना मी," म्हणून फादर हसले आणि गेले. रंधा मनात म्हणाला, हसायला काय झालं याला?

बाक ठोकून झालं. पोरांचं बाक झालं की त्यावर पोरासारखं बसायचं, हात टेकून लिहिल्यासारखं करायचं आणि ते डुगडुगतंय का बघायचं, अशी त्याची रीत. तो बसला. गुडघे पोटाशी आले. कानावरची पेन्सिल काढून त्यानं फळीवर टेकवली. बाक हललं नाही. काम चोख झालं होतं.

तेवढ्यात मागून खडूचा वास आला.

"फादर?"

...

दिवा नीट जळत होता. फळीवर सावली एकच होती. त्याची.

मग हातावर वजन आलं. थंड. कोरडं. त्यानं खाली पाहिलं. हातावर कुणाचाच हात नव्हता. पण कातडी दबली होती. तीन ठिकाणी.

पेन्सिल हलली. वर गेली. वळली. खाली आली... ते वळण त्याला माहीत होतं.

"सोडा..."

...

अक्षर अर्ध्यावर आलं. त्यानं हिसडा मारला. पेन्सिल पडली. तो पळाला.

घरी येऊन त्यानं कडी लावली. बायकोनं विचारलं, "बोललात फादरशी?"

"पोरगी त्या शाळेत पाऊल टाकणार नाही. संपलं."

बायको रात्रभर भिंतीकडे तोंड करून रडली. हाही जागाच.

पण सोमवारी पोरगी शाळेत गेली. यानंच नेऊन सोडली! बायकोला आजही वाटतं, आपलं रडणं कामी आलं. खरं काय ते त्यानं फक्त मला सांगितलं.

रविवारी उजाडता उजाडता त्याची नजर पोरीकडे गेली. गाढ झोपलेली. पण उजवा हात हलत होता. बोट पांघरुणावर काहीतरी गिरवत होतं. वर. वळण. खाली... अर्धं झालं. तिथं ते थांबलं नाही. सावकाश पुढं गेलं, अक्षर पुरं केलं, आणि मगच हात निवांत पडला.

त्यानं तो हात उचलून खिडकीपाशी धरला. घरात खडूचा तुकडासुद्धा नव्हता. कधीच नव्हता. आणि पोरीच्या हाताच्या पाठीवर बोटांचे पांढरे ठसे होते. तीन. करंगळीची जागा कोरी.